विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुने पीसी लिनक्सवर आले. पण पाचशे रुपयांच्या वायफाय डोंगलपाशी गाडी का अडते?

पुण्यातल्या एखाद्या घरातलं हे चित्र डोळ्यासमोर आणा. हॉलच्या कोपऱ्यात २०१५-१६ च्या सुमाराला असेंबल करून घेतलेला पीसी आहे. आधी त्यावर मुलाचे इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट झाले, मग लॉकडाऊनमध्ये धाकटीची ऑनलाइन शाळा झाली. आता वीजबिल भरायला आणि आजोबांना यूट्यूबवर कीर्तन ऐकायला तो पुरतो.

एक दिवस स्क्रीनवर सूचना येते, की हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. नवा पीसी घ्यायचा तर खर्च मोठा. मग नात्यातला कुणी कॉलेजवाला पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन येतो आणि अर्ध्या तासात ते टाकून देतो. जुनं मशीन पहिल्यापेक्षा झटपट चालू होतं, मेन्यू मराठीत दिसतो, प्रिंटरसुद्धा आपोआप सापडतो. सगळे खूश.

फक्त वायफाय लागत नाही.

तपकीर गल्लीतून आणलेला वायफायचा डोंगल मागे यूएसबीत लावलेला आहे. कालपर्यंत विंडोजवर तो व्यवस्थित चालत होता, आज त्याचा दिवाही लागत नाही. उपाय शोधायचा तर इंटरनेट हवं, आणि नेमकं तेच नाही. दोन तास खटपट होते, मग कुणीतरी म्हणतं, ‘राहू दे, लिनक्स आपल्यासारख्यांसाठी नसतं.’ पीसी पुन्हा विंडोज १० वर जातो किंवा भंगारात.

हा अनुभव सध्या अनेकांना येतोय. चूक मात्र त्या कॉलेजवाल्याची नाही, आणि बहुतेक वेळा लिनक्सचीही नाही. मग अडतं कुठे?

आत्ताच हा विषय का आला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून आणखी वर्षभर अपडेट घेता येतील अशी सोय कंपनीने दिली. तिची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची.

विंडोज ११ वर जाण्यासाठी कंपनीने अटी ठेवल्या आहेत. संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा सुविधा हवी, सिक्युअर बूटची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीचे बहुतेक पीसी धडधाकट असूनही यादीबाहेर गेले. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, त्यामुळे नवा संगणक घेणंही महागलं.

मग लोक लिनक्सकडे वळले. विंडोज १० चा सपोर्ट संपला त्याच दिवशी झोरिन ओएस या लिनक्स प्रणालीची १८ वी आवृत्ती आली. महिनाभरात ती दहा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाली आणि त्यातले ७८ टक्क्यांहून अधिक डाउनलोड विंडोजवरून झाले, असं ती बनवणाऱ्यांनी जाहीर केलं. म्हणजे येणारे लोक प्रोग्रॅमर नाहीत, साधे घरगुती वापरकर्ते आहेत. आणि घरगुती डेस्कटॉपमध्ये वायफाय बहुधा आतून नसतंच, बाहेरून डोंगल लावलेला असतो. म्हणून सगळ्यात पहिली ठेच तिथे लागते.

महासंगणकाला चालतं, मग डोंगलला काय झालं?

पुण्याला लिनक्स नवं नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांचा पुणे दौरा पावसामुळे रद्द झाला होता, आठवत असेल. त्या दिवशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून परम रुद्र महासंगणकांचं लोकार्पण झालं. त्यातला एक पुण्याजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी. त्याच कार्यक्रमात पाषाणच्या आयआयटीएममधल्या ‘अर्क’ या हवामानाच्या महासंगणकाचंही लोकार्पण झालं. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. या वर्गातल्या यंत्रांवर लिनक्सच चालतं. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच आहे.

ते राहू द्या, तुमचा खिसा तपासा. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सचाच कर्नल आहे. घरातल्या वायफाय राउटरमध्येही बऱ्याचदा तोच असतो. म्हणजे ‘लिनक्सवर वायफाय चालत नाही’ हे म्हणणं खरं नाही. लिनक्सवरचं वायफाय तुम्ही रोज वापरताय.

फरक एवढाच, की फोन बनवणाऱ्या कंपनीला अँड्रॉइडवर वायफाय चाललंच पाहिजे, नाहीतर फोन विकला जाणार नाही. त्यामुळे चिप बनवणारी कंपनी ड्रायव्हर लिहून देते. डेस्कटॉपला लावायच्या डोंगलचं गिऱ्हाईक मात्र कंपनीच्या हिशेबात विंडोजवालं असतं. तिथे लिनक्ससाठी कोण वेळ घालवणार? सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. डोंगलच्या आतल्या चिपला तिची स्वतःची भाषा असते. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की चॅनेल बदलतो, कोणता लिहिला की सिग्नलची ताकद कमी-जास्त होते, हे त्या चिपपुरतं ठरलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टीमला ते माहीत नसतं. ती म्हणते, ‘हा डेटा पाठव’. ड्रायव्हर ते चिपच्या भाषेत सांगतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे फर्मवेअर. हा चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. अनेक डोंगलांमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो. डोंगल लावला की संगणक दर वेळी तो चिपमध्ये भरतो. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअरची फाइल नाही, अशी अवस्था असेल तरी वायफाय लागत नाही. डेबियन या जुन्या लिनक्स प्रणालीत हा त्रास बरीच वर्षं होता, कारण मुक्त नसलेलं फर्मवेअर ती मूळ इन्स्टॉलरमध्ये देत नसे. २०२२ मध्ये तिच्या सदस्यांनी मतदान घेऊन हा नियम बदलला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर सोबतच येऊ लागलं.

विंडोजवर ड्रायव्हर कंपनी देते. पूर्वी डब्यात सीडी यायची, आता विंडोज अपडेटमधून येतो. लिनक्समध्ये पद्धत उलटी आहे. इथे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. डोंगल लावला, कर्नलने ओळखला, विषय संपला. सीडी नको, सेटअप नको. 

पण ड्रायव्हर कर्नलमध्ये यायचा तर तो कुणीतरी लिहायला हवा, आणि लिहिणाऱ्याला चिपची भाषा माहीत हवी.

चिपची भाषा कंपनीने सांगितलीच नाही तर?

तर लोक ती हुडकून काढतात. २००५ च्या सुमाराला ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिप खूप लॅपटॉपमध्ये होत्या आणि लिनक्ससाठी कंपनीचा खुला ड्रायव्हर नव्हता. तेव्हा काही स्वयंसेवकांनी दुसऱ्या प्रणालीचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते अभ्यासून, त्यावरून चिपची भाषा लिहून काढली. त्यातून लिनक्सचा स्वतंत्र ड्रायव्हर उभा राहिला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये.

या कामात अमेरिकेतले लॅरी फिंगर हे नाव पुढे होतं. ब्रॉडकॉमनंतर ते रिअलटेकच्या ड्रायव्हरांकडे वळले. बाजारातले स्वस्त डोंगल पाहिले तर त्यातल्या बऱ्याच डोंगलांमध्ये रिअलटेकचीच चिप निघते. लॅरी यांनी लिनक्स कर्नलमध्ये हजाराहून जास्त दुरुस्त्या केल्या. २१ जून २०२४ ला वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. रिअलटेकचा डोंगल लिनक्सवर चालवणाऱ्या बहुतेकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसेल.

रिअलटेकच्या बाबतीत एक वेगळीच अडचण होती. कंपनी लिनक्ससाठी सोर्स कोड देत असे, पण तो डोंगल विकणाऱ्या ब्रँडांना. हा कोड कर्नलच्या नियमांत बसेल असा लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो कर्नलमध्ये न येता बाहेरच राहिला. लोकांनी तो गिटहबवर टाकला, दुरुस्त केला आणि एकमेकांना दिला.

बाहेरचा ड्रायव्हर चालतो, मग मध्येच बंद का पडतो?

इथे लिनक्सचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि दर वेळी आतली रचना थोडीफार बदलते. कर्नलच्या आतले ड्रायव्हर त्याबरोबर बदलून घेतले जातात, कारण रचना बदलणाराच ते दुरुस्त करतो. बाहेरच्या ड्रायव्हरची जबाबदारी कुणावरच नसते.

म्हणजे सोसायटीने कुलूप बदललं तर सगळ्या सभासदांना नवी किल्ली देते. पण वेगळी किल्ली बनवून घेतलेल्या पाहुण्याला कोण कळवणार? तो आला की दाराबाहेरच उभा.

यावर तोड म्हणून डीकेएमएस नावाची सोय आहे. कर्नल बदलला की ती बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधून देते. पण नवी रचना जुन्या कोडला समजलीच नाही, तर बांधणी मध्येच फसते. मग नेहमीचा अपडेट करून संगणक चालू केला की वायफाय गायब. वापरकर्त्याला वाटतं अपडेटने बिघडवलं. खरं कारण असतं ते बाहेर राहिलेला ड्रायव्हर.

यात चांगली बातमीही आहे

गेल्या दोन-तीन वर्षांत चित्र बरंच बदललं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू, ८८२२सीयू या चिपच्या यूएसबी डोंगलांसाठी ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. यूएसबीचा तो भाग पेंगुट्रॉनिक्स या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या सास्चा हाउअर यांनी जोडला. ८८१२एयू आणि ८८२१एयू या दशकभर जुन्या, खूप विकल्या गेलेल्या चिपचे ड्रायव्हर २०२५ च्या सुरुवातीच्या कर्नलांमध्ये आले.

याचा घरच्या पीसीला फायदा कसा? ऑगस्ट २०२५ मधल्या उबुंटू २४.०४.३ मध्ये आणि सप्टेंबर २०२५ च्या लिनक्स मिंट २२.२ मध्ये ६.१४ कर्नल आहे. म्हणजे वर्षभरापूर्वी ज्या डोंगलसाठी गिटहब धुंडाळावं लागत होतं, तो तिथे नुसता लावला की चालण्याची शक्यता मोठी. उलट उबुंटू २४.०४ ची पहिली आवृत्ती ६.८ कर्नलवर होती आणि ऑगस्ट २०२५ चं डेबियन १३ हे ६.१२ वर आहे. डोंगल तोच, संगणक तोच, पण पेन ड्राइव्हवर वर्षभर जुनी फाइल असली तर निकाल वेगळा.

मीडियाटेकच्या चिपची गोष्ट आणखी सरळ आहे. एमटी ७६१०यू आणि एमटी ७६१२यू या चिपचे ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून आत आहेत, वायफाय ६ च्या एमटी ७९२१ चिपच्या यूएसबी डोंगलांचा २०२२ च्या ५.१८ पासून. लिनक्सवाले नवीन डोंगल घेताना मीडियाटेकचं नाव आधी घेतात ते यामुळेच.

डब्यावरचं नाव पाहून घेतलं तरी फसगत कशी होते?

कारण डब्यावर ब्रँड असतो, चिप नसते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन ७२२एन. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर ९२७१ चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि फर्मवेअरही खुलं आहे, त्यामुळे लिनक्सवाल्यांचा तो लाडका डोंगल होता. पुढे दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, मॉडेल नंबर तोच, बदललं फक्त मागच्या लेबलवर बारीक अक्षरात छापलेलं ‘व्ही २’. जुने लेख वाचून नवा डोंगल घेणारे यात हमखास अडकले.

ऑनलाइन यादीत तर अनेकदा आवृत्ती लिहिलेलीच नसते. दुकानदाराला विचारलं तर तो सांगेल, ‘विंडोज, मॅक, सगळ्यावर चालतो.’ तो खोटं बोलत नाही. त्याला लिनक्सबद्दल कुणी विचारलेलंच नसतं.

मग घरातला डोंगल चालवायचा कसा?

१. आधी इंटरनेटची सोय. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा. लिनक्सला फोन हे वायरच्या नेटवर्कसारखं दिसतं. वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. राउटर जवळ असेल तर लॅन केबल त्याहून उत्तम.

२. चिप ओळखा. टर्मिनल उघडा आणि एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरं सलग लहान लिपीत टाइप करून एंटर दाबा. यूएसबीला लावलेल्या वस्तूंची यादी येते. प्रत्येक ओळीत चार-चार अक्षरांची एक जोडी असते, तिच्या मध्ये विसर्गासारखी खूण. जोडीचा पहिला भाग ‘०बीडीए’ असेल तर ओळख रिअलटेकची, ‘०ई८डी’ असेल तर मीडियाटेकची. काही ब्रँड स्वतःचा क्रमांक घालतात, टीपी-लिंकचा ‘२३५७’. पूर्ण जोडी इंटरनेटवर शोधली की आतली चिप कोणती ते कळतं. डब्यावरच्या नावापेक्षा या आठ अक्षरांवर भरवसा ठेवा.

३. डोंगल सीडीचं सोंग तर घेत नाही ना? काही रिअलटेक डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. यादीत ‘०बीडीए’च्या पुढे ‘१ए२बी’ दिसलं तर हाच प्रकार समजा. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी ‘इजेक्ट’ केली की बऱ्याचदा डोंगल खऱ्या रूपात येतो. हेच काम आपोआप करणारं यूएसबी मोडस्विच नावाचं पॅकेजही आहे.

४. कर्नल पाहा. चिप कळली की तिचा ड्रायव्हर कोणत्या कर्नलपासून आत आहे ते शोधा. आपला कर्नल जुना असेल तर गिटहबकडे धावण्याआधी सिस्टीम अपडेट करा, किंवा लिनक्सची नवी आवृत्ती टाका. बहुतेकांचं काम इथेच होतं.

५. बाहेरचा ड्रायव्हर शेवटी. तो घ्यावाच लागला तर अलीकडे अपडेट झालेला, डीकेएमएसवर चालणारा घ्या. त्याआधी कर्नलचे हेडर आणि कंपायलर ही पॅकेजेस टाका, नाहीतर बांधणी होत नाही. एक लक्षात ठेवा, ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणजे त्याला संगणकात सगळीकडे मोकळं रान असतं. व्हिडिओखालच्या कमेंटमधली कमांड डोळे झाकून चिकटवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. आणि पुढे नवा कर्नल आला, त्यात ड्रायव्हर असला, तर जुना बाहेरचा काढून टाका. दोघं एकाच डोंगलवर हक्क सांगायला लागले की पुन्हा गोंधळ.

६. सिक्युअर बूट. ड्रायव्हर नीट बांधला गेला तरी चालत नसेल आणि ‘किल्ली नाकारली’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल, तर कारण सिक्युअर बूट. सही नसलेला ड्रायव्हर ते आत घेत नाही. उबुंटू आणि मिंटमध्ये बाहेरचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की सही राहून जाते, आणि घोळ होतो तो नेमका इथे.

७. लागलं, पण तुटतंय? डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये असेल आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं असेल, तर त्या पोर्टच्याच लहरी सिग्नलमध्ये आड येतात. इंटेलने २०१२ मध्येच हे दाखवून दिलंय. फूटभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल कॅबिनेटच्या मागून पुढे आणा, किंवा दुसरा पोर्ट वापरा. पुष्कळ वेळा ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ एवढ्यावर सुटतो.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर मीडियाटेकच्या चिपचा दुसरा डोंगल घेणं हा शहाणपणाचा मार्ग. चांगला पीसी भंगारात काढण्यापेक्षा तो केव्हाही स्वस्त.

हा फक्त डोंगलचा विषय आहे का?

वरवर तसं वाटतं. पण या छोट्या वस्तूने एक मोठा प्रश्न पुढे आणलाय. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचं आयुष्य ठरवणार कोण? प्रोसेसर चालतोय, हार्ड डिस्क चालतेय, डोंगलही ठणठणीत आहे. तरी पीसी निरुपयोगी ठरतो, कारण एका बाजूला ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपली आणि दुसऱ्या बाजूला चिपची माहिती कुणी दिली नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करण्याची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागचा विचार. त्यात इलेक्ट्रॉनिक्सही येतं. ड्रायव्हर हा दिसत नसला तरी सुटा भागच आहे. मिक्सरचं भांडं मिळालं नाही तर मिक्सर पडून राहतो, तसा ड्रायव्हर मिळाला नाही तर डोंगल पडून राहतो. पण दुरुस्तीच्या हक्काची चर्चा होते तेव्हा स्क्रीन आणि बॅटरीबद्दल बोललं जातं, ड्रायव्हरबद्दल क्वचितच.

सरकारचं स्वतःचं धोरणही इथे लागू पडतं. मार्च २०१५ मध्ये केंद्राने सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला पसंती देण्याचं धोरण जाहीर केलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही तयार केली. पण संगणक, डोंगल विकत घेताना ‘याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आहे का?’ हा एक प्रश्न मोठ्या खरेदीदारांनी टेंडरमध्ये घातला, तर कंपन्यांना उत्तर द्यावं लागेल. हजार डोंगलांची ऑर्डर जे करू शकते, ते एका ग्राहकाची तक्रार करू शकत नाही.

दुसरी बाजू माणसांची आहे. पुण्यात पीएलयूजी हा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे, मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत वर्षानुवर्षं ‘ग्नूनिफाय’ महोत्सव भरत आला. शहरात कर्नल समजणाऱ्या इंजिनिअरांची कमतरता नाही. तरीही पेठेतल्या किंवा धायरीतल्या घरात अडकलेल्या माणसाला हे माहीत नसतं, आणि त्याने इंग्रजीत शोधलं तर सापडतात दहा वर्षांपूर्वीच्या कमांड. त्या चालत नाहीत, मग तो स्वतःलाच दोष देतो.

म्हणून तुमचा डोंगल चालला, तर एक काम करा. चिपचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि काय केलं ते, एवढ्या तीन ओळी मराठीत कुठेतरी लिहून ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्या तरी चालतील. लॅरी फिंगर यांच्यासारख्यांनी चिपची भाषा जगाला शिकवली ती एकेक ओळ लिहूनच. आणि पुढच्या वेळी तपकीर गल्लीत गेलात, तर डोंगल हातात घेऊन दुकानदाराला विचारा, ‘चिप कोणती आहे यात?’ पहिल्यांदा तो तुमच्याकडे बघत राहील. दहा जणांनी विचारलं, की अकराव्याला उत्तर तयार मिळेल.